सेनेगल नदी : तीन देशांच्या मालकीची धरणं

बाफिंग नदी गिनीच्या फुता जालोन डोंगराळ भागात उगम पावते. मालीतल्या बाफुलाबेजवळ तिला बाकोय मिळते आणि तिथून पुढे तिला सेनेगल म्हणतात. खालच्या टप्प्यात हीच नदी सेनेगल आणि मॉरिटानियाची सीमा आहे. पाऊस मुख्यतः वर गिनी-मालीत पडतो, शेतीची सपाट जमीन मात्र खाली आहे. त्यामुळे कोणत्याही एका देशाने एकट्याने आखलेली योजना अपुरीच पडणार होती.

चारही देशांनी १९६० च्या दशकात एकत्र काम सुरू केलं, पण राजकीय भांडणांत गिनी बाहेर पडली. साहेलमध्ये, म्हणजे सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यात, दुष्काळ सुरू असताना, मार्च १९७२ मध्ये उरलेल्या तिघांनी ओएमव्हीएस ही खोरे संघटना स्थापली. नदी आंतरराष्ट्रीय ठरली आणि प्रवाहावर परिणाम करणाऱ्या प्रकल्पाला तिघांची संमती लागेल असं ठरलं. खरं धाडस १९७८ च्या कराराचं. त्यानुसार धरण कोणाच्याही भूमीवर असो, मालकी तिघांची. बाफिंगवरचं मनंताली धरण पूर्णपणे मालीत आहे, तरी ते एकट्या मालीचं नाही.

खर्चाची वाटणी कशी करायची? आधी सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांपैकी एकेक उद्देश वगळला तर किती खर्च वाचेल ते काढलं. तो खर्च थेट त्या उद्देशाच्या नावे टाकला. उरलेला सामायिक खर्च अपेक्षित लाभाच्या प्रमाणात विभागला. शेवटी प्रत्येक उद्देशातला देशांचा वाटा धरून बेरीज केली : सेनेगल ४२.१ टक्के, माली ३५.३, मॉरिटानिया २२.६. विजेची विभागणी वेगळी आहे : माली ५२, सेनेगल ३३, मॉरिटानिया १५ टक्के. अमुक देशाला इतके टीएमसी, असा पाणीवाटपाचा तक्ता या करारांत नाही. आमच्या मते हेच त्यांचं बळ आहे. १९८९ मध्ये सेनेगल आणि मॉरिटानियाने राजनैतिक संबंध तोडले, तरी संघटना टिकली.

मुखाजवळचा दियामा बंधारा १९८६ मध्ये झाला. त्याने कोरड्या हंगामात आत शिरणारं समुद्राचं खारं पाणी अडवलं. सुमारे ११ अब्ज घनमीटर, म्हणजे ४०० टीएमसीच्या आसपास क्षमतेचं मनंताली १९८८ मध्ये पूर्ण झालं. उद्दिष्ट होतं ३,७५,००० हेक्टर सिंचनाचं. प्रत्यक्ष सिंचन त्याच्या बरंच मागे राहिलं, आणि मालीला समुद्राशी जोडणारी जलवाहतूक कित्येक वर्षं कागदावरच होती.

पूर ओसरल्यावर ओल्या मातीत ज्वारी पेरणारे काठावरचे शेतकरी या हिशेबात नीट धरलेच गेले नाहीत. त्यांच्यासाठी मनंतालीतून कृत्रिम पूर सोडायचं ठरलं. बाकोय आणि फालेमे या उपनद्यांवर मनंतालीचं नियंत्रण नाही. म्हणून त्यांचा पूर चढताना, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात, धरणाचं पाणी त्यात मिसळावं लागतं. वेळ चुकली तर पाणी जास्त खर्चून जमीन कमी भिजते. पाणी उतरून पेरणी झाल्यावर पुन्हा विसर्ग आला तर कोवळी रोपं बुडतात. मनंतालीची २०० मेगावॉटची जनित्रं २००१ च्या अखेरीपासून फिरू लागली तशी ओढाताण वाढली, कारण जनित्रांच्या क्षमतेपलीकडे सोडलेलं पाणी विजेच्या दृष्टीने वाया जातं.

दुसरी किंमत आरोग्याची होती. दियामामुळे खालच्या भागात बारमाही गोडं पाणी साचलं, गोगलगायी वाढल्या आणि १९८८ पासून सेनेगलमधल्या रिशार-तोलमध्ये आतड्यांच्या बिलहार्झियाची, म्हणजे या गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या कृमीरोगाची, साथ पसरली. रामबाण नावाच्या पाणगवताने कालवे तुंबले. क्षारता आणि पाण्याची पातळी वर्षभर स्थिर ठेवण्याचे हे परिणाम होते, आणि ते आराखड्यातच तपासायला हवे होते.

संघटनेच्या २००२ च्या जलसनदेने, म्हणजे पाणीवापराची तत्त्वं ठरवणाऱ्या कराराने, कृत्रिम पूर आणि पर्यावरण यांना तत्त्वांमध्ये स्थान दिलं. विसर्गाबाबत सल्ला देणाऱ्या स्थायी जल आयोगात पाणी वापरणाऱ्यांना निरीक्षक म्हणून बसता येऊ लागलं. निरीक्षकाला मत देता येत नाही, ही उणीव राहिलीच. २००६ मध्ये गिनी परत आली. आता मनंतालीच्याही वर, गिनीच्या हद्दीत बाफिंगवर कुकुतांबा धरण प्रस्तावित आहे. ते झालं तर पुराच्या विसर्गाचं वेळापत्रक दोन जलाशयांना मिळून ठरवावं लागेल.