युरोपीय संघाच्या संशोधक-संचार आणि शाळा-सुधार योजना

संशोधकांना एका देशातून दुसऱ्या देशात जाऊन काम करता यावे आणि शाळांना परदेशातील शाळांच्या सोबतीने आपले अध्यापन सुधारता यावे, यासाठी युरोपीय संघ सार्वजनिक पैशातून चालवत असलेल्या योजनांचा समूह. संशोधकांच्या बाजूला मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी योजना, तर शाळांच्या बाजूला एरास्मस प्लस कार्यक्रमाचा शालेय विभाग, या त्यातील दोन मुख्य योजना होत. पहिलीचा पैसा ‘होरायझन युरोप’ या संशोधन कार्यक्रमातून येतो, दुसरीचा शिक्षणाच्या स्वतंत्र तरतुदीतून. २०२१ ते २०२७ या काळासाठी पहिलीला सुमारे ६.६ अब्ज युरो आहेत. एरास्मस प्लसला सुमारे २६.२ अब्ज युरो आहेत, पण त्यात विद्यापीठे, व्यवसायशिक्षण, प्रौढशिक्षण, युवक आणि क्रीडा हे सारे येते. शाळांचा वाटा हा त्यातला एक भाग.

या योजनांचे रूप असे का, हे संघाच्या कायद्यात डोकावल्याशिवाय कळत नाही. शाळेत काय शिकवायचे आणि शिक्षणव्यवस्था कशी बांधायची, हा सदस्य देशांचा अधिकार आहे. संघाच्या कार्यपद्धतीविषयीच्या कराराचे कलम १६५ तो स्पष्ट शब्दांत राखून ठेवते. ब्रुसेल्सहून कोणी फिनलंडच्या किंवा इटलीच्या शाळेला अभ्यासक्रम ठरवून देऊ शकत नाही. मग संघाच्या हाती राहते ते सहकार्याला उत्तेजन देणे, म्हणजे माणसांच्या प्रवासाला, भेटींना आणि एकत्र कामाला पैसा पुरवणे. संशोधनात संघाला अधिकार जास्त आहेत. संशोधक, ज्ञान आणि तंत्रज्ञान यांचा मुक्त संचार असलेले ‘युरोपीय संशोधन क्षेत्र’ उभारणे हे कलम १७९ ने उद्दिष्टच ठरवले आहे. तिथेही सर्वांत जुने आणि टिकाऊ साधन माणसाला हलवणे हेच राहिले.

या वाटचालीत एका न्यायालयीन निकालाचा वाटा मोठा आहे. बेल्जियममधील लिएज शहराच्या कला अकादमीत चित्रकथेची कला शिकायला आलेल्या एका फ्रेंच विद्यार्थिनीकडे, बेल्जियन विद्यार्थ्यांना द्यावे न लागणारे जादा शुल्क मागितले गेले. ती न्यायालयात गेली. फेब्रुवारी १९८५ मध्ये युरोपीय न्यायालयाने हे शुल्क भेदभावाचे ठरवले आणि व्यवसायशिक्षणाची व्याख्या इतकी रुंद केली की उच्च शिक्षणाचा बराच भाग तीत बसू लागला. युरोपीय समुदायाला (संघाचे तेव्हाचे रूप) विद्यापीठांच्या क्षेत्रात पाऊल टाकायला त्यातून कायदेशीर जमीन मिळाली. जून १९८७ मध्ये विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा एरास्मस कार्यक्रम मंजूर झाला आणि पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी बाहेर पडले. यामागे इटालियन शिक्षणतज्ज्ञ सोफिया कोराडी यांचा दीर्घ पाठपुरावाही होता. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात घेतलेले शिक्षण रोमच्या विद्यापीठाने मान्य केले नाही, या अनुभवातून त्या या प्रश्नाकडे वळल्या होत्या.

शाळांची पाळी १९९५ मध्ये आली. ‘सॉक्रेटिस’ या छत्राखाली शाळांसाठी कोमेनियस कार्यक्रम सुरू झाला. मोराव्हियात जन्मलेला आणि पोलंड, इंग्लंड, स्वीडन, हंगेरी असा फिरत अखेर ॲम्स्टरडॅममध्ये वारलेला सतराव्या शतकातला शिक्षक यान आमोस कोमेन्स्की याच्या नावाचे हे लॅटिन रूप. निर्वासित म्हणून आयुष्य काढलेल्या या माणसाचे नाव शाळांच्या योजनेला दिले, यात मोठे औचित्य आहे. २०१४ मध्ये कोमेनियस, एरास्मस आणि इतर योजना एरास्मस प्लसमध्ये विलीन झाल्या. कारभार सोपा झाला खरा, पण शाळांची स्वतःची ओळख पुसट झाली. आज बहुतेकांना एरास्मस म्हटले की विद्यापीठातले विद्यार्थीच आठवतात.

संशोधकांच्या योजनेला १९९६ पासून मारी क्युरीचे नाव आहे आणि २०१४ पासून तिचे पोलिश माहेरचे आडनावही जोडले गेले. वॉर्सा विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश नव्हता म्हणून १८९१ मध्ये ती पॅरिसला गेली होती. योजनेचे सध्या पाच भाग आहेत: डॉक्टरेट करणाऱ्यांची जाळी (अनेक संस्था मिळून त्यांना घडवतात), पोस्टडॉक म्हणजे डॉक्टरेटनंतरच्या संशोधनाची फेलोशिप, कर्मचाऱ्यांची देवाणघेवाण, राष्ट्रीय किंवा प्रादेशिक योजनांना सह-अर्थसाहाय्य आणि सामान्य नागरिकांसाठीचे उपक्रम. विषयाचे बंधन कोठेच नाही. प्राचीन शिलालेख वाचणारा आणि बॅटरीचे रसायन शोधणारा दोघेही अर्ज करू शकतात. सरकारे आपापले प्राधान्यविषय ठरवून पैसा वाटत असताना हे स्वातंत्र्य मोलाचे आहे.

पोस्टडॉक फेलोशिपची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. अर्जदाराकडे डॉक्टरेट हवी आणि त्यानंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपेक्षा अधिक नको. युरोपातल्या फेलोशिपला राष्ट्रीयत्वाची अट मुळातच नाही. अट आहे ती हालचालीची: अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत ज्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिला किंवा काम केले, त्या देशातील संस्थेत फेलोशिप घेता येत नाही. म्हणजे दोन वर्षे बर्लिनमध्ये काम करत असलेल्या भारतीयाला जर्मनी बंद, पण फ्रान्स खुला. पॅरिसमध्ये राहणाऱ्या फ्रेंच माणसाला फ्रान्स बंद. प्रस्तावाचा गाभा दहा पानांत मांडावा लागतो. वैज्ञानिक गुणवत्तेला ५० टक्के, परिणामाला ३० टक्के आणि अंमलबजावणीला २० टक्के भार असतो. ८५ टक्के किंवा अधिक गुण मिळूनही पैशाअभावी हुकलेल्यांना ‘सील ऑफ एक्सलन्स’ हे प्रमाणपत्र मिळते आणि काही देश त्याच्या आधारे स्वतःच्या तिजोरीतून पैसा देतात. ठरलेल्या किमान गुणांखाली गेलेला प्रस्ताव त्याच संस्थेसह लगेच पुढच्या वर्षी पुन्हा पाठवता येत नाही.

या योजनेची सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे संशोधकाला नोकरीचा करार आणि त्यासोबत सामाजिक सुरक्षा मिळावी हा आग्रह. आजारपण, बाळंतपण, निवृत्तिवेतन हे सारे त्यात येते. जिथे तरुण संशोधक वर्षानुवर्षे नुसत्या विद्यावेतनावर राबत होते, तिथे या अटीने पायंडा बदलायला मदत केली. मात्र जाहीर होणारा आकडा हातात येत नाही. होरायझन युरोपच्या सुरुवातीच्या वर्षांत पोस्टडॉकसाठी दरमहा ५,०८० युरो निर्वाहभत्ता होता. तो आधी त्या देशाच्या महागाईनुसार कमी-जास्त होतो आणि मग मालकाने भरायचा सामाजिक विम्याचा वाटाही त्यातूनच जातो. उरलेल्यावर कर. नव्याने येणाऱ्याला हे गणित पहिल्या पगारपत्रकापर्यंत बहुधा कोणी समजावत नाही.

टीकाही होते, आणि ती बरीचशी रास्त आहे. दोन वर्षांनी करार संपतो, मग पुन्हा देश, पुन्हा घर, पुन्हा मुलांची शाळा. डॉक्टरेटच्या जाळ्यांत साधारण तीन वर्षांचा पैसा मिळत आला, तर नेदरलँड्ससारख्या देशांत पीएचडी चार वर्षांची असते. चौथ्या वर्षाची सोय संस्थेला किंवा विद्यार्थ्याला करावी लागते. दुसरा प्रश्न ओघाच्या दिशेचा. माणसे श्रीमंत आणि नावाजलेल्या विद्यापीठांकडे जातात आणि पूर्वेकडील व दक्षिणेकडील देश रिकामे होतात. पोलंड, बल्गेरिया, पोर्तुगाल अशा देशांतील संस्थांसह चांगले गुण मिळवूनही मागे राहिलेल्यांसाठी ‘ईआरए’ (युरोपीय संशोधन क्षेत्र) फेलोशिप ठेवल्या आहेत, पण दुखण्याच्या मानाने औषध थोडे आहे. स्पर्धा तर फारच वाढली आहे. २०२४ च्या फेरीत पोस्टडॉकसाठी दहा हजारांहून अधिक अर्ज होते, २०२५ मध्ये ते सतरा हजारांच्या वर गेले.

शाळांच्या बाजूला पैशाचे आकडे लहान, पण पोहोच खोल आहे. शिक्षकाला परदेशी शाळेत काही दिवस तेथील सहकाऱ्यासोबत राहून त्याचे काम पाहता येते, तिथे तास घेता येतात किंवा प्रशिक्षणवर्ग करता येतो. विद्यार्थीही गटाने किंवा एकेकटे जाऊ शकतात. अर्ज राष्ट्रीय संस्थेकडे करायचा असतो: इटलीत फ्लॉरेन्सची इंदिरे, जर्मनीत शाळांसाठी बॉनमधील पीएडी. २०२१ पासून शाळेला एकदाच ‘एरास्मस आराखडा’ लिहून मान्यता घेता येते. त्यानंतर दर वर्षी नवा प्रस्ताव न लिहिता निधी मिळतो. आराखड्यात शाळेची उणीव नेमकी काय, ती भरून काढायला कोणाला कशासाठी पाठवणार आणि परतल्यावर काय बदलणार, हे लिहावे लागते. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कच्चा. परत आलेला शिक्षक पाहिलेले सांगतो, सभेत टाळ्या पडतात आणि वेळापत्रक होते तसेच राहते, असे सहज घडू शकते. मुख्याध्यापक किंवा दोन-तीन सहकारी सोबत गेलेले असतील तर बदल टिकण्याची शक्यता वाढते. प्रशिक्षणवर्गांचे क्षेत्रही सांभाळायला लागते. पर्यटकांच्या आवडत्या शहरांत खासगी वर्गांचे पेव फुटल्यावर युरोपीय आयोगाला वर्गांसाठी गुणवत्तेचे निकष काढावे लागले.

लहान शाळांसाठी ‘लघु भागीदारी’ ही अलीकडची चांगली सोय आहे. दोन देशांतील दोन संस्था पुरतात, ३० हजार किंवा ६० हजार युरोंची ठोक रक्कम मिळते आणि हिशेबाची कागदपत्रे कमी लागतात. त्याहून साधी ई-ट्विनिंग. २००५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत अनुदान नसतेच. दोन देशांतले दोन शिक्षक ऑनलाइन भेटतात आणि आपापल्या वर्गांकडून एक काम करवून घेतात. दहा लाखांहून अधिक शिक्षकांनी आजवर नोंदणी केली आहे.

विज्ञानशिक्षणात मात्र संशोधनाचा पैसाच शाळेपर्यंत पोहोचला. १९९६ मध्ये नोबेल-विजेते भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज शारपाक यांनी पिएर लेना आणि इव्ह केरे यांच्यासह फ्रान्समध्ये ‘ला मॅं आ ला पात’ ही चळवळ सुरू केली. बर्फाचा खडा जास्त वेळ कसा टिकवायचा, असा प्रश्न शिक्षक वर्गापुढे ठेवतो. कोणी लोकरीत गुंडाळायला सांगते, तर कोणी म्हणते लोकर उबदार असते, त्यात तो लवकर विरघळेल. मुले अंदाज आपल्या प्रयोगवहीत लिहितात, करून पाहतात, आणि चुकलेला अंदाज खोडत नाहीत. ही पद्धत ‘पोलेन’ प्रकल्पाने २००६ ते २००९ मध्ये बारा देशांतील बारा शहरांत नेली. २००७ मध्ये फ्रान्सचे माजी पंतप्रधान मिशेल रोकार यांच्या अध्यक्षतेखालील गटाने शोधावर आधारलेले विज्ञान शिकवण्याची शिफारस केली आणि त्यानंतर २०१० ते २०१३ मध्ये ‘फिबोनाची’ प्रकल्पाने अनुभवी केंद्रांची नव्या केंद्रांशी जोडी लावून ती आणखी पसरवली. तीन वर्षांनी पैसा थांबतो, ही या प्रकल्पांचीही अडचण होती. जिथे शहराच्या शिक्षण खात्याने किंवा विद्यापीठाने काम अंगावर घेतले तिथे ते चालू राहिले.

दोन्ही बाजू आज एका ठिकाणी थेट भेटतात. सप्टेंबरच्या अखेरच्या शुक्रवारी २००५ पासून ‘युरोपीय संशोधक रात्र’ (संशोधक आणि सामान्य लोक यांची भेट) भरते, आणि होरायझन युरोपमध्ये तिला ‘शाळांत संशोधक’ हा उपक्रम जोडला गेला. संशोधक वर्गात येऊन मुलांबरोबर हवामान, आरोग्य, अवकाश अशा विषयांवर काम करतात.

राजकारणाची झळ या योजनांना लागतेच. २०१४ मध्ये स्थलांतरावर मर्यादा घालण्याच्या बाजूने सार्वमत झाल्यावर स्वित्झर्लंडला एरास्मस प्लसमधील सहभाग गमवावा लागला. ब्रेक्झिटनंतर ब्रिटन २०२१ पासून एरास्मस प्लसबाहेर राहिला, संशोधन कार्यक्रमात मात्र २०२४ पासून सहयोगी म्हणून परतला. रशियाच्या आक्रमणानंतर २०२२ मध्ये विस्थापित युक्रेनी संशोधकांसाठी अडीच कोटी युरोंची खास फेलोशिप सुरू झाली.

युरोपबाहेरून मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी योजनेत येणाऱ्यांत भारतीय संशोधक आघाडीवर आहेत, आणि एरास्मस मुंडुस या संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शिष्यवृत्त्यांतही. पुणे-मुंबईच्या प्रयोगशाळांतून डॉक्टरेट करून बाहेर पडणाऱ्यांना ही नावे चांगली परिचयाची आहेत. फेलोशिप घ्यायच्या देशात आधी राहिलेले नसल्याने ३६ महिन्यांची अट त्यांना बहुधा आड येत नाही. कर्मचारी-देवाणघेवाणीत भारतीय संस्था भागीदार होऊ शकतात. ‘ग्लोबल फेलोशिप’ घेतलेला युरोपीय संशोधक भारतात एक-दोन वर्षे काम करू शकतो, पण त्यानंतर एक वर्ष युरोपात परतणे त्याला बंधनकारक असते. शाळांच्या लघु भागीदारीत मात्र कार्यक्रमात सामील देशांतील संस्थाच घेतल्या जातात, त्यामुळे भारतीय शाळांना ती खुली नाही.