हात, चित्र आणि रेघ: न बोलता साधलेल्या संवादाची पार्श्वभूमी

बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांची सविस्तर वर्णनं प्रसिद्ध केली. त्यांपैकी आठ बोलायला लागली होती, तिघं बोलत नव्हती. कॅनर यांचं निरीक्षण असं, की दुसऱ्यापर्यंत काही पोचवण्याच्या दृष्टीने या दोन गटांत मूलभूत फरक नाही. म्हणजे बोलता येणं वेगळं आणि संवाद साधणं वेगळं, हे त्या लेखातच आलं होतं. मग न बोलणारं मूल सांगतं कशाने, हा पुढचा प्रश्न मात्र बराच काळ मागे पडला.

वाणी हीच भाषा, हा समज तेव्हा शिक्षणात मुरलेला होता. १८८० मध्ये मिलान इथल्या परिषदेने कर्णबधिरांच्या शिक्षणात खुणांऐवजी तोंडी भाषेचा पुरस्कार केला आणि कित्येक शाळांत खुणा करणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागली. सांकेतिक भाषेला स्वतःची रचना असते, हे भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोको यांनी थेट १९६० मध्ये मांडलं. पुढच्या दशकात न बोलणाऱ्या स्वमग्न मुलांनाही खुणा शिकवून पाहिल्या जाऊ लागल्या.

चित्रचिन्हांचा मार्ग आडवळणाचा. चार्ल्स ब्लिस यांनी १९४९ मध्ये मांडलेली चिन्हलिपी देशोदेशींच्या लोकांना एकमेकांचं समजावं म्हणून होती. १९७१ मध्ये टोरोंटोतल्या एका केंद्राने ती सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर ताबा नसणं) असलेल्या, बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी वापरली. मुलं चिन्हांवर बोट ठेवून वाक्यं जुळवू लागली. शिक्षकांनी लिपीत सोयीप्रमाणे फेरफार केले, ते ब्लिस यांना अजिबात रुचले नाहीत, आणि तो वाद बरीच वर्षं चालला.

स्वमग्न मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. मूल चित्रावर बोट ठेवी, पण समोर कुणी बघतंय की नाही याकडे त्याचं लक्ष नसे. १९८५ मध्ये डेलावेअर राज्यात अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी तयार केलेल्या चित्र-देवाणघेवाणीच्या पद्धतीत म्हणून चित्र दाखवायचं नाही, माणसाच्या हातात द्यायचं. सुरुवातीला दोन मोठी माणसं लागतात. समोरचा हवी असलेली वस्तू घेऊन बसतो आणि ‘काय हवंय?’ असं विचारत नाही. मागचा एक शब्दही न बोलता मुलाचा हात कार्डापर्यंत आणि तिथून समोरच्या तळव्यापर्यंत नेतो, मग हळूहळू आपली मदत काढून घेतो. एकूण टप्पे सहा: देवाणघेवाण, अंतर वाढवणं, चित्रांतून निवड, कार्डं ओळीने लावून वाक्य करायची वाक्यपट्टी, प्रश्नाला उत्तर आणि शेवटी ‘मला दिसतंय’, ‘मला ऐकू येतंय’ अशी टिप्पणी.

बिघडतं ते याच तपशिलांत. माणूस कमी म्हणून मागचा मदतनीस गाळला, की समोरचाच हात धरतो आणि मूल दर वेळी त्याच्या हाताची वाट बघायला शिकतं. समोरच्याने प्रश्न विचारला, की मूल प्रश्नाशिवाय कार्ड उचलत नाही. आणि चौथ्या टप्प्यावर थांबलं, की मुलाकडे फक्त मागण्या उरतात. ‘नको’, ‘दुखतंय’, ‘ते बघ’ यांची कार्डंच त्याच्या चित्रांच्या वहीत नसतात.

चित्रं दिली तर मूल बोलायचं राहील, ही पालकांची भीती जुनी आहे. खुणा, चित्रं अशा साधनांच्या २००६ च्या एका आढाव्यात काटेकोर पुरावा असलेल्या २७ जणांच्या नोंदी तपासल्या होत्या: बोलणं कुणाचंच घटलं नाही, ८९ टक्क्यांचं वाढलं. आकडा दिलासा देणारा आहे, पण चित्राची किंमत पुन्हा वाणीच्याच मापाने केली जाते, हेही त्यात दिसतं.

उलट टोकाची चूकही झाली. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या आणि १९९० नंतर अमेरिकेत पसरलेल्या एका पद्धतीत सहायक हा न बोलणाऱ्या व्यक्तीचा हात किंवा मनगट धरून तिच्याकडून टाइप करून घेई. अस्खलित वाक्यं उमटू लागली. मग चाचण्या झाल्या: दोघांना एकमेकांच्या नकळत वेगवेगळी चित्रं दाखवली, तर टाइप झालं ते सहायकाने पाहिलेलं. सहायक लबाडी करत नव्हते, आपणच हात चालवतोय हे त्यांनाही कळत नव्हतं. म्हणून साधन कुठलंही असो, दुसऱ्याच्या स्पर्शाविना ते चालतं का, हे आधी बघावं लागतं.

अर्थ लादायचाच नाही, असा पवित्रा फ्रान्समध्ये फेर्नां देलिन्यी यांनी घेतला. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सेवेन्न भागात न बोलणारी स्वमग्न मुलं आणि काही मोठी माणसं एकत्र राहत. ही माणसं उपचारतज्ज्ञ नव्हती. ती वस्तीचा नकाशा काढत, त्यावर पारदर्शक कागद ठेवून मुलाच्या दिवसभराच्या फिरण्याची रेघ ओढत. कागद एकावर एक ठेवले, की पुन्हा पुन्हा गाठल्या गेलेल्या जागा दिसत. यातून निदान काढायचं नाही, असा देलिन्यींचा कटाक्ष होता.

अमेरिकी कलाकार ज्युडिथ स्कॉट यांचा जन्म १९४३ चा. डाउन सिंड्रोम होता, आणि ऐकू येत नाही हे कुणाच्या ध्यानात न आल्याने तोंडी प्रश्नांची उत्तरं न देणारी ही मुलगी शिकवण्यापलीकडची ठरली. सातव्या वर्षी संस्थेत गेल्या, तिथे सुमारे ३५ वर्षं काढली. पुढे जुळ्या बहिणीने त्यांना कॅलिफोर्नियातल्या ओकलंड इथल्या, १९७४ मध्ये सुरू झालेल्या क्रिएटिव्ह ग्रोथ या कलाकेंद्रात आणलं. तिथे रंग आणि कागद त्यांना भावले नाहीत. धाग्यांच्या कामाशी गाठ पडल्यावर मात्र त्या हाती येईल ती वस्तू सूत-दोऱ्याने गुंडाळत राहिल्या, आतली वस्तू दिसेनाशी होईपर्यंत. २०१४ मध्ये ब्रुकलिन म्युझियममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यांनी कामांना नावं दिली नाहीत, आणि कुठल्याही गुंडाळीचा अर्थ ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

स्वमग्न व्यक्ती स्वतः बोलू लागल्या, तेव्हा वादाची जागाच बदलली. २००७ मध्ये मेल बॅग्ज यांनी एका व्हिडिओत आधी नुसते हात हलवणं, गुणगुणणं, वाहत्या पाण्यात बोटं फिरवणं दाखवलं आणि नंतर संगणकाच्या आवाजात सांगितलं, की ही आपली भाषा आहे, पण कशाचं प्रतीक नव्हे, भोवतालाशी चाललेली देवघेव आहे. २०१२ मध्ये समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी न समजणं दुहेरी असतं, म्हणजे स्वमग्नांना इतर कळत नाहीत तसे इतरांनाही स्वमग्न कळत नाहीत, अशी मांडणी केली. २०२० मध्ये ती तपासली गेली: आठ-आठ जणांच्या साखळीत एक गोष्ट पुढे सांगत न्यायची. स्वमग्नांच्या साखळीत ती इतरांइतकीच टिकली, दोन्ही प्रकारच्या लोकांच्या मिश्र साखळीत जास्त गळली. २०२५ च्या ३११ जणांच्या मोठ्या फेरप्रयोगात मिश्र साखळीही मागे पडली नाही. स्वमग्नांची साखळी कमी ठरत नाही, हे मात्र पुन्हा दिसलं. दोन्ही वेळी गोष्ट तोंडीच सांगायची होती, त्यामुळे न बोलणाऱ्यांबद्दल हे प्रयोग काहीच सांगत नाहीत.