टिकण्याची मुदत (खाद्यपदार्थ व घरगुती वस्तू)

एखादा खाद्यपदार्थ किंवा घरगुती वापराची वस्तू तयार झाल्यापासून, सांगितलेल्या पद्धतीने ठेवली असता, जितका काळ वापरास सुरक्षित आणि अपेक्षित गुणांची राहते, तितका काळ म्हणजे तिची टिकण्याची मुदत. ही मुदत संपल्यावर काय घडते हे वस्तूवस्तूंत फार वेगळे असते. बिस्किट सादळते, मसाल्याचा वास उडतो, औषधाचा गुण उणावतो, तर शेंगदाण्यावर वाढलेली बुरशी यकृताला अपाय करणारे विष तयार करते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी केवळ चवीच्या आहेत, शेवटच्या दोन आरोग्याच्या. घरात वस्तू ठेवायची की टाकायची, हे ठरवताना हा फरक मुख्य ठरतो.

भारतात वेष्टनावरील तारखांचे नियमन ‘अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६’ या कायद्याखाली होते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार उत्पादनाची किंवा वेष्टनाची तारीख आणि ‘एक्स्पायरी’ अथवा ‘यूज बाय’ ही अंतिम तारीख देणे बंधनकारक आहे. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख त्याखेरीज ऐच्छिक माहिती म्हणून छापता येते. ‘एक्स्पायरी’ची तारीख उलटल्यावर पदार्थ विकताही येत नाही आणि खाऊही नये. ‘बेस्ट बिफोर’ची उलटल्यावर तो खाण्याजोगा असू शकतो, पण उत्पादक त्याच्या चवीची, कुरकुरीतपणाची हमी देत नाही. ताजी फळे व भाज्या, व्हिनेगर, साखर आणि दहा टक्के किंवा त्याहून अधिक मद्यार्क असलेली पेये यांना अंतिम तारखेतून सूट आहे. ऑनलाइन विक्रीबाबत प्राधिकरणाने २०२४ मध्ये असे सांगितले की, ग्राहकाच्या हाती पडताना पदार्थाची किमान ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. छापील तारीख ही न फोडलेल्या आणि योग्य तापमानात ठेवलेल्या पाकिटापुरतीच खरी असते, ही गोष्ट मात्र बहुतेक घरांत विसरली जाते. सॉसची बाटली उघडली की पुढील वर्षाची तारीख निरर्थक होते, आणि ‘उघडल्यावर इतक्या दिवसांत संपवा’ ही बारीक अक्षरांतील सूचना लागू होते.

मुदत ठरवणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत : पाणी, स्निग्धांश, आंबटपणा, हवा, प्रकाश व तापमान. पदार्थात एकूण पाणी किती यापेक्षा सूक्ष्मजीवांना वापरता येईल असे मोकळे पाणी किती, याला महत्त्व असते. त्याचे माप जलक्रियता या नावाने शून्य ते एक या पट्टीवर सांगतात. बहुतेक जीवाणूंची वाढ सुमारे ०.९१ च्या खाली थांबते, बुरशी त्याहूनही कोरड्या पदार्थावर तग धरते, आणि ०.६० च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही. मीठ आणि साखर पाणी काढून न टाकता ते बांधून ठेवतात. म्हणून लोणचे ओले असूनही टिकते. आंबटपणाचे तसेच : पीएच ४.६ च्या खाली बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जीवाणू वाढत नाही. तापमानाचा धोक्याचा पट्टा ढोबळमानाने ५ ते ६० अंश सेल्सिअस धरला जातो, आणि एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातील स्वयंपाकघर दिवसभर याच पट्ट्यात असते.

धान्य व कडधान्ये कोरडी असल्याने ती मुळात दीर्घायुषी असतात. त्यांचा शत्रू जीवाणू नसून कीड आणि ओल हा आहे. उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करण्याची महाराष्ट्रातील जुनी पद्धत याच ज्ञानावर उभी आहे. गव्हाला, डाळींना कडक ऊन दाखवून ओल घालवली जाते, मग ते पूर्ण निवल्यावरच डब्यात भरतात, कारण गरम धान्याची वाफ डब्याच्या आत पाणी धरते. गव्हात आर्द्रता १२ टक्क्यांच्या आसपास असली की तो वर्षभर सहज टिकतो. तूरडाळीला एरंडेल चोळण्यामागे केवळ रूढी नाही : तेलाच्या पातळ थराने कडधान्यातील भुंग्याची अंडी गुदमरतात. हा भुंगा अनेकदा शेतातच शेंगेवर अंडी घालतो, त्यामुळे दुकानातून आणलेले स्वच्छ मूग महिन्याभराने भोकांचे निघाले तर डबा अस्वच्छ होता असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. तांदळात सोंडे, रव्यात जाळी, पिठात पोरकिडे हे साधारण पावसाळ्यात वाढतात. कडुनिंबाचा पाला निरुपद्रवी आहे. पाऱ्याच्या गोळ्या घालण्याची पद्धत सोडून द्यावी अशी आहे. आणि गोदामांसाठी असलेल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात ठेवणे प्राणघातक आहे, कारण त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू बंद खोलीत माणसे मारतो. थोड्या प्रमाणातील रवा किंवा बेसन चार दिवस फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना, ठेवल्यास अंडी-अळ्या मरतात, आणि रवा भाजून ठेवण्याचा घरगुती उपाय त्याच कामाचा आहे.

जुनेपणाने सगळेच बिघडत नाही. पांढरा, पॉलिश केलेला तांदूळ कोरडा राहिला तर काही वर्षे टिकतो, आणि वर्षभर जुना तांदूळ अधिक पाणी शोषून मोकळा शिजतो म्हणून भातासाठी त्याला मान आहे. उकडीच्या मोदकांना मात्र नव्या, चिकट तांदळाचेच पीठ लागते. हातसडीच्या तांदळात कोंड्याचे तेल असल्यामुळे तो सुमारे सहा महिन्यांत खवट होऊ लागतो. कडधान्ये व डाळी वर्षानुवर्षे खाण्यायोग्य राहतात, परंतु उष्ण आणि दमट जागी जुन्या झालेल्या दाण्यांच्या पेशीभिंती कठीण होऊन ते कितीही शिट्या दिल्या तरी शिजत नाहीत.

दाणा दळला की मुदतीचे सगळे गणित बदलते. अंकुरातील तेल आणि ते तेल तोडणारे विकर, जे दाण्यात एकमेकांपासून दूर असतात, ते दळताना एकत्र येतात, शिवाय हवेशी संपर्क कैक पटींनी वाढतो. याचे ठळक उदाहरण बाजरीचे. बाजरीत सुमारे ५ टक्के स्निग्धांश असतो आणि तिचे पीठ आठवडाभरात कडू लागू लागते, म्हणून ज्या घरांत रोज बाजरीची भाकरी होते तिथे थोडे थोडे दळून आणण्याची रीत आहे. ज्वारीचे पीठ इतक्या लवकर कडू होत नाही, पण जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. गिरणीतून आणलेली कणीक घट्ट डब्यात महिना-दीड महिना उत्तम राहते. पाकीटबंद कणकेवर साधारण तीन महिन्यांची मुदत असते. मैद्यातून कोंडा व अंकुर काढून टाकलेले असल्याने तो त्याहून टिकतो, म्हणजे पोषण गमावून मिळवलेला तो टिकाऊपणा आहे.

तेलाचे पाकीट न फोडता नऊ महिने ते वर्षभर चालते. फोडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवणे इष्ट, आणि ओट्यावर गॅसशेजारी पारदर्शक बाटलीत ठेवल्यास त्याहूनही लवकर, कारण उष्णता व प्रकाश दोन्ही ऑक्सिडीकरण वाढवतात. तळणीच्या तेलात ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हापुन्हा तापवून बिघडल्याने बनणारी द्रव्ये) २५ टक्क्यांच्या वर गेल्यास ते वापरण्यास नियमाने मनाई आहे. तुपात पाणी जवळपास नसतेच, त्यामुळे नीट कढवलेले आणि बेरी गाळून काढलेले साजूक तूप फ्रीजबाहेर कित्येक महिने टिकते. लोणी कच्चे राहिले तर मात्र वास येतो. अख्खे मसाले दोन-तीन वर्षे, दळलेले सुमारे वर्षभर गुण राखून असतात. लाल तिखटाचा रंग प्रकाशाने उडतो. मीठ आणि साखर कधीच नासत नाहीत, फक्त ओल धरतात. मधात पाणी २० टक्क्यांहून कमी असते आणि तो अनेक वर्षे टिकतो. त्याचे दाणेदार होणे हा बिघाड नव्हे. एक वर्षाखालील बाळाला मात्र तो देऊ नये, कारण त्यात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात.

कांद्याची मुदत हंगामावर अवलंबून असते. रब्बीचा उन्हाळी कांदा, उदाहरणार्थ एन-२-४-१ हा वाण, हवेशीर कांदाचाळीत चार ते सहा महिने राहतो, तर खरिपाचा लाल कांदा काही आठवड्यांतच कुजू लागतो. नाशिक जिल्ह्यातील बाजारभावांचे चढउतार बऱ्याच अंशी या एका फरकातून समजतात. घरात कांदे व बटाटे एकाच टोपलीत ठेवल्यास दोन्ही लवकर खराब होतात.

पिशवीतील दूध ७२ अंशांना १५ सेकंद तापवून पाश्चरीकृत केलेले असते आणि फ्रीजमध्ये सुमारे दोन दिवस टिकते. १३५ अंशांहून अधिक तापवून निर्जंतुक खोक्यात भरलेले दूध बाहेर सहा महिन्यांपर्यंत राहते, पण खोका फोडताच त्याचा विशेष संपतो आणि तेही दोन-तीन दिवसांत संपवावे लागते. अंडी फ्रीजमध्ये तीन ते पाच आठवडे चांगली राहतात. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये, कडक उन्हाळ्यात एका तासाहून. फ्रीजमध्ये ते तीन-चार दिवस चालते. भाताबाबत अधिक काळजी हवी. त्यातील बॅसिलस सिरियस जीवाणूचे बीजाणू शिजवण्याने मरत नाहीत, कोमट भातात ते वाढून विष सोडतात आणि ते विष फोडणी देऊनही नष्ट होत नाही, म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचा फोडणीचा भात करण्याची सवय निर्धोक म्हणता येत नाही. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातील अफ्लाटॉक्सिनही भाजण्याने पूर्ण जात नाही. काळे पडलेले, सुरकुतलेले दाणे निवडून टाकणे हाच उपाय.

सणाच्या पदार्थांत एकाच ताटातील गोष्टींचे आयुष्य किती वेगळे असते ते दिसते. ओल्या नारळाचा रवालाडू तीन-चार दिवसांचा, तर तुपात खमंग भाजलेल्या बेसनाचा लाडू तीन-चार आठवड्यांचा. पुरणपोळी दोन दिवसांत आंबू लागते. तीळ, बेसन व गूळ यांच्या कोरड्या सारणाची गुळाची पोळी आठवडाभर प्रवासात जाते. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘बेस्ट बिफोर’ तारीख लावणे १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक झाले. प्राधिकरणाच्या मार्गदर्शक यादीत कलाकंदाला त्याच दिवसाची, बंगाली मिठाईला दोन दिवसांची, खव्याच्या मिठाईला चार दिवसांची आणि बेसनलाडवाला ३० दिवसांची मुदत सुचवलेली आहे. लोणच्याच्या बरणीत तेलाचा थर वर राहिला पाहिजे, तो हवा रोखतो. ओला चमचा गेला की पृष्ठभागावरचे मीठ पातळ होते आणि नेमकी तिथेच बुरशी येते.

औषधांची मुदत ‘औषधे नियम, १९४५’ आणि त्यांतील अनुसूची ‘पी’ यांनुसार ठरते. महिना व वर्ष छापलेले असल्यास त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत औषध वापरता येते. मुदत उलटलेल्या गोळ्या बहुधा निष्प्रभ होत जातात, विषारी नव्हे. परंतु प्रतिजैविकाचा किंवा इन्सुलिनचा गुण उणावणे हेच रुग्णाला घातक ठरू शकते. डोळ्यांत घालायचे थेंब बाटली उघडल्यापासून महिन्याभरात टाकून द्यावेत. पाणी घालून तयार केलेले प्रतिजैविकाचे पातळ औषध सात ते चौदा दिवसांचे असते, आणि जलसंजीवनीचे तयार पाणी २४ तासांचे.

सौंदर्यप्रसाधनांवर झाकण उघडलेल्या डबीचे चिन्ह व त्यात आकडा असतो. तो उघडल्यानंतरचे महिने दाखवतो. मस्कारा तीन ते सहा महिन्यांतच बदलावा, कारण त्याची कांडी डोळ्यांजवळून परत ओल्या नळीत जाते. साबण व धुण्याची पावडर वर्षानुवर्षे चालतात. सोडियम हायपोक्लोराइटचे ब्लीच मात्र नुसते ठेवूनही विघटित होते, उष्णतेने अधिक वेगाने, आणि काही महिन्यांनी त्याची जंतुनाशक शक्ती लेबलावर लिहिल्याइतकी राहत नाही. पाणी शुद्ध करण्यासाठी जुनी बाटली वापरताना हे ध्यानात घ्यावे लागते. साधे झिंक-कार्बन सेल दोन-तीन वर्षांत उतरतात, अल्कलाइन सेल दहा वर्षांपर्यंत टिकू शकतात.

स्वयंपाकाच्या गॅस सिलिंडरवरील खूण नेहमी गैरसमजात सापडते. वरच्या कड्याला जोडणाऱ्या उभ्या पट्टीच्या आतल्या बाजूस ए, बी, सी किंवा डी हे अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात : ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, आणि याच क्रमाने पुढे. ही गॅसची किंवा सिलिंडरची मुदत नसून पुढील दाबचाचणी कोणत्या तिमाहीत करायची त्याची नोंद आहे. नव्या सिलिंडरची पहिली चाचणी दहा वर्षांनी आणि नंतर दर पाच वर्षांनी होते. शेगडीला जोडणाऱ्या रबरी नळीला मात्र खरीच मुदत असते. ती पाच वर्षांची असून तारीख नळीवर छापलेली असते.