पिथमपूरच्या बसमधले कामगार: मोटार कारखान्यांतल्या युनियनची पार्श्वभूमी

इंदूरात युनियन म्हटलं की घरातल्या मोठ्यांना अजून मिलच आठवते. मालवा मिल, हुकुमचंद मिल, परदेशीपुऱ्यातले मोर्चे, कामगार नेते होमी दाजींची भाषणं (दाजी १९६२ ला इथूनच लोकसभेवर गेले). मग मिला बंद पडल्या. हुकुमचंदला १९९१-९२ च्या सुमारास टाळं लागलं आणि कामगारांचे थकलेले २२४ कोटी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, तोवर कित्येक जण पैसे न बघताच गेले. आमचे एक काका त्या काळचे, ते म्हणतात की आता कुठली युनियन आणि कुठले कामगार.

मी म्हणतो काका, पहाटे महू नाक्याला उभे राहून बघा. इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कंपन्यांच्या बसेस लागलेल्या असतात, पोरं खांद्याला डबा लावून, पायात सेफ्टी शूज घालून अर्धवट झोपेत चढत असतात. कामगार कुठे गेला नाही, फक्त शहराच्या बाहेर गेला आणि सुताऐवजी ट्रक बनवायला लागला. त्याची युनियनची हिस्टरी मात्र मिलवाल्यांपेक्षा बरीच वेगळी आहे आणि ती समजायला सुरुवात अमेरिकेतून करावी लागते.

१९१३ साली फोर्डनं हायलंड पार्कच्या कारखान्यात चालती लाईन आणली, म्हणजे गाडी सरकत पुढे जाते आणि कामगार आपल्या जागेवर एकच काम करतो. आधी एक चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, जोडायला साडेबारा तास लागायचे, लाईनवर ते काम दीड तासात व्हायला लागलं. पण दिवसभर एकच नट आवळायचा म्हणजे माणूस वेडा होतो, त्यामुळे लोक टिकेनात, शंभर जागा भरलेल्या ठेवायच्या तर वर्षाला साडेतीनशेच्या वर माणसं घ्यावी लागत होती. म्हणून जानेवारी १९१४ मध्ये रोजचे पाच डॉलर आणि आठ तासांची पाळी जाहीर केली. शाळेत हे फोर्डचं मोठं मन म्हणून सांगतात, पण त्या पाच डॉलरमागे अटीही होत्या, कंपनीची माणसं घरी येऊन बघायची की हा दारू पितो का, घर नीट ठेवतो का.

लाईनचं एक वैशिष्ट्य आहे जे मालकांच्या लक्षात जरा उशिरा आलं. मिलमध्ये चार माग बंद पडले तर बाकीचे चालू राहतात, लाईनवर मात्र एक जागा थांबली की मागची पुढची सगळी थांबते. अमेरिकेत १९३५ ला यूएडब्ल्यू ही मोटार कामगारांची युनियन झाली आणि पुढच्याच वर्षी ३० डिसेंबरला मिशिगनमधल्या फ्लिंट गावात जनरल मोटर्सच्या कामगारांनी नेमकं हेच वापरलं. ते गेटबाहेर बसले नाहीत, आत मशिनींजवळच बसले. बाहेर बसलं की मालक दुसरी माणसं आत घालतो, आत बसलेल्याला काढायचं तर मशिनीच फुटायची भीती. झोपायला गाड्यांच्या सीटा होत्याच. ११ जानेवारीला पोलिसांनी अश्रुधूर सोडला तर आतल्यांनी आगीच्या पाईपचं गार पाणी आणि दरवाज्यांच्या बिजागऱ्या मारून त्यांना परत पाठवलं, तेही मिशिगनच्या थंडीत. गव्हर्नर मर्फींनी फौज बोलावली पण कामगारांवर घातली नाही, आणि माझ्या मते निम्मा संप तिथेच जिंकला गेला. ४४ दिवसांनी, ११ फेब्रुवारी १९३७ ला, कंपनीनं युनियनला मान्यता दिली. फोर्डनं मात्र १९४१ पर्यंत ताणलं.

आपल्याकडे गाड्यांची जोडणी १९२८ ला जनरल मोटर्सनं मुंबईत सुरू केली, पण खरे देशी कारखाने म्हणजे १९४२ ची हिंदुस्तान मोटर्स आणि १९४४ ची वालचंद हिराचंदांची प्रीमियर. कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये पुढे कामगार नेते डॉ. दत्ता सामंत आले. लोकांना त्यांचा फक्त १९८२ चा गिरणी संप आठवतो, पण डॉक्टरांचं नाव झालं ते आधी इंजिनिअरिंग कंपन्यांत, तिथे त्यांनी पगारवाढी काढून दिल्या होत्या म्हणून तर गिरणीवाले त्यांच्याकडे गेले. पुण्यात टेल्कोमध्ये (आताची टाटा मोटर्स) युनियनचे नेते राजन नायर होते, १९८९ च्या सप्टेंबरात शनिवारवाड्याला कामगार उपोषणाला बसले आणि रात्री पोलिसांनी हजारोंना उचलून बसमध्ये घातलं, तिथेच ते आंदोलन मोडलं.

पिथमपूर हे ह्याच दशकातलं. धार जिल्हा मागास म्हणून सवलती मिळत होत्या, जमीन होती, इंदूर जवळ होतं. आयशरचे ट्रक, बजाज टेम्पो, कायनेटिक होंडाची स्कूटर, सगळे ऐंशीच्या दशकात तिथे आले. मुंबई-पुण्यात युनियनवाले गेटवर बसलेले असताना माळरानावरची नवी पोरं, ज्यांच्या घरात कोणी कधी मिलमध्येही नव्हतं, ती मालकांना का नको वाटतील? सवलतींचं कारण खरंच आहे, पण मला तरी फक्त तेवढंच कारण पटत नाही.

नंतरचं भांडण पगाराचं कमी आणि ठेक्याचं जास्त. कंत्राटी कामगार कायदा १९७० लाच झाला होता, तरी एकाच लाईनवर शेजारी शेजारी परमनंट आणि ठेक्यावरचा उभा, काम तेच आणि पगारात जमीन-अस्मानाचा फरक. हरियाणात मानेसरला मारुतीत जून २०११ मध्ये १३ दिवस काम बंद होतं, ते स्वतःच्या वेगळ्या युनियनसाठी, आणि तेव्हा परमनंट आणि ठेक्यावरचे दोन्ही एकत्र होते. पुढे १८ जुलै २०१२ ला तिथे जाळपोळ झाली, एक एचआर मॅनेजर जिवानिशी गेले, १३ कामगारांना २०१७ मध्ये जन्मठेप झाली. त्यानंतर कुठल्याही कारखान्यात युनियन म्हटलं की आधी मानेसर आठवतं, दोन्ही बाजूंना. चाकणला बजाज ऑटोत २०१३ ला युनियननं प्रत्येकाला ५०० शेअर एक रुपयाच्या भावानं द्या अशी मागणी केली होती, संप ५० दिवस चालला पण शेअर काही मिळाले नाहीत. मला ती मागणी अजून भारी वाटते.

आता २०२० ची औद्योगिक संबंध संहिता, म्हणजे मालक-कामगार संबंधांचा नवा कायदा, म्हणते की कारखान्यात एकापेक्षा जास्त युनियन असतील तर हजेरीपटावरचे ५१ टक्के ज्या युनियनकडे तिच्याशी मालकानं बोलायचं. हजेरीपट कोणाचा, हा प्रश्न तिथेच येतो. माझा मावसभाऊ नऊ वर्षं पिथमपूरला एकाच लाईनवर आहे, त्या नऊ वर्षांत ठेकेदार तीनदा बदलला, आणि मागे युनियनची निवडणूक होती तेव्हा ह्याला विचारलं मत कोणाला दिलंस, तर म्हणाला, भिया, माझं नावच कंपनीच्या यादीत नाही, मी ठेकेदाराचा माणूस, मी त्या दिवशी बाकीच्यांना चहा आणून दिला.