नवसागर

अमोनियम क्लोराइड या लवणाचे मराठीतील रूढ नाव. संस्कृतात नवसार, नरसार, चूलिकालवण, हिंदीत नौसादर, फार्सीत नौशादर. पांढरा, स्फटिकी, चवीला खारट व जिभेला गार लागणारा हा क्षार खडे किंवा पूड अशा रूपांत विकला जातो. सोनाराच्या टाकणखाराशी त्याची गल्लत होते. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, त्यात अमोनियाचा अंश नसतो.

नावाचा सागराशी संबंध नाही आणि हे मीठ समुद्राच्या पाण्यातून काढले जात नाही. ‘नवसादर’ या रूपातील ‘द’च्या जागी ‘ग’ येऊन ओळखीचा शब्द तयार झाला असावा. ‘नरसार’ हे रूपही, ‘माणसाचे सत्त्व’ असा अर्थ बसवण्यासाठी, मागाहून घडवलेले दिसते. मूळ शब्द कोणत्या भाषेतला, याबद्दल मात्र एकमत नाही. रसायनशास्त्राच्या इतिहासाचे अभ्यासक स्टेपलटन यांनी १९०५ मध्ये चिनी ‘नाओ-शा’ हे मूळ सुचवले. चिनी विद्येचे अभ्यासक लाउफर यांनी १९१९ मध्ये उलट बाजू मांडली, की चिनी शब्दच इराणी गटातील, बहुधा सोग्दियन (मध्य आशियातील एक प्राचीन) भाषेतून गेला. फार्सी शब्दाची ‘अमर अग्नी’ अशी फोडही केली जाते. ती आकर्षक असली तरी पक्की म्हणता येत नाही. काही आयुर्वेदीय लेखक संस्कृत रूपालाच आद्य मानतात. परंतु चरकसंहितेतील पंचलवणांत नवसार नाही. तो ठळकपणे दिसतो तो रसशास्त्राच्या (पारा, धातू व खनिजे यांपासून औषधे बनवण्याच्या शास्त्राच्या) ग्रंथांत, म्हणजे बऱ्याच उशिरा. शिवाय अरब भूगोलकारांनी वर्णन केलेल्या नौशादराच्या खाणी मध्य आशियातील सोग्दियानाच्या डोंगरांत, झरफशान नदीच्या वरच्या खोऱ्याकडे होत्या. तिथे जमिनीखाली कोळशाचे थर धुमसतात आणि भेगांतून निघणाऱ्या वाफांचा क्षार दगडांवर जमतो. हे पाहता इराणी उगमाचे मत अधिक सयुक्तिक वाटते.

साधारणतः तेराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या रसरत्नसमुच्चय या रसशास्त्राच्या ग्रंथात नवसार ‘साधारण रस’ नावाच्या खनिजवर्गात गणला आहे. तिथे त्याची उत्पत्ती दोन प्रकारे दिली आहे : करीर व पीलू यांची लाकडे कुजल्याने किंवा भाजल्याने (‘पच्यमान’ या शब्दाचा अर्थ दोन्हींकडे ओढता येतो), आणि विटा भाजताना तयार होणारे फिकट, हलके मीठ. पहिली हकिगत रसायनाच्या दृष्टीने तपासणे अवघड आहे; दुसरी मात्र प्रत्यक्ष निरीक्षणातून आलेली असावी. तेव्हाच्या पंजाबातील कर्नाल भागात एकोणिसाव्या शतकातही कुंभार तळ्याच्या गाळाच्या विटा भट्टीत भाजून त्यांवर चढणारा नौसादर गोळा करत. इजिप्तमध्ये उंटाच्या शेणाच्या गोवऱ्यांची काजळी तापवून तो काढीत व अठराव्या शतकात युरोपला पाठवीत. कृती निराळ्या असल्या तरी क्षार वाफेतूनच धरायचा, हे दोन्हींत समान.

युरोपीय नाव ‘साल अमोनियाक’ म्हणजे इजिप्तच्या अमोन देवाच्या प्रदेशातील मीठ, असे सांगतात. प्राचीन रोमन लेखक प्लिनी मात्र ते नाव वाळू या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून लावतो. आणि त्याने वर्णिलेला पदार्थ बहुधा साधे खनिज मीठच होते. म्हणजे नाव एका पदार्थाचे, ते पुढे दुसऱ्याला चिकटले. याच नावावरून १७८२ मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्गमन यांनी ‘अमोनिया’ हा शब्द रूढ केला. त्याआधी इंग्रज रसायनशास्त्रज्ञ प्रीस्टली यांनी नवसागर व चुना तापवून हा वायू वेगळा केला होता. नवसागर आणि चुना तळहातावर चोळून मूर्च्छिताला हुंगवण्याची घरगुती रीत याच विक्रियेवर चालते.

सुमारे ३३८° से. ला नवसागर न वितळता वायुरूप होतो. तेव्हा त्याचे अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड असे दोन भाग होतात आणि थंड पृष्ठभागावर ते पुन्हा एकत्र येतात. पाण्यात विरघळताना तो उष्णता शोषतो. २०° से. ला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३७ ग्रॅम विरघळतो.

महाराष्ट्रात त्याची ओळख मुख्यतः कल्हईमुळे. तापवलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यावर पूड टाकली की पृष्ठभागावरील ऑक्साइडाचा थर निघून जातो आणि कथील सपाट पसरते. पांढरा धूर दिसतो तो याचाच. हातभट्टीच्या दारूसाठी आंबवायच्या मिश्रणात (‘रसायनात’) गुळाबरोबर नवसागर पडतो, कारण यीस्टला लागणारा नायट्रोजन त्यातून मिळतो. लेक्लांशे यांच्या १८६६ मधील विद्युत घटात व त्यावरून आलेल्या कोरड्या घटांत तो विद्युत अपघटनी (द्रावात वीज वाहू देणारा पदार्थ) म्हणून वापरला गेला. खत म्हणून त्यात सुमारे २५ टक्के नायट्रोजन असतो; भाताला तो देतात. चीनमध्ये होउ पद्धतीने सोडा बनवताना तो सहउत्पादन म्हणून मोठ्या प्रमाणावर मिळतो. खोकल्याच्या औषधांत कफोत्सारक (कफ सुटा करणारा) म्हणूनही आढळतो. फिनलंड व शेजारच्या देशांत ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्यांत तो चवीसाठी घालतात. ही चव सरावाशिवाय रुचत नाही.