पुरावा कोणी द्यायचा?

‘खोटं असेल तर तुम्ही सिद्ध करा’ असं म्हणून दावा करणारा स्वतःचं ओझं समोरच्याच्या गळ्यात टाकतो. ते ओझं मुळात कोणाचं, हा विचार फार जुना. ‘म्हणेल त्याने सिद्ध करावं, नाकारणाऱ्याने नव्हे’ हे रोमन कायदेपंडित पॉलसचं वचन सम्राट जस्टिनियनच्या इ.स. ५३३ मधल्या ‘डायजेस्ट’ या संग्रहात आहे.

आपल्या धर्मशास्त्रातल्या व्यवहारप्रकरणांनी, म्हणजे खटल्यांचे नियम सांगणाऱ्या भागांनी, त्याहून बारकाईने पाहिलं. फिर्यादी म्हणतो, ‘याने माझी १०० नाणी घेतली.’ प्रतिवादीचं उत्तर चारांपैकी एका प्रकारात बसतं. ‘घेतलीच नाहीत’ (मिथ्या) म्हटलं, तर पुरावा फिर्यादीने द्यायचा. ‘घेतली, पण फेडली’ (कारण) म्हटलं, की घेणं कबूल झालं. आता फेडल्याचा पुरावा प्रतिवादीकडे. ‘याचा निवाडा पूर्वीच माझ्या बाजूने झाला’ (प्राङ्न्याय) म्हणणाऱ्यानेच जयपत्र, म्हणजे जिंकल्याचा लेखी निवाडा, दाखवायचं. आणि ‘हो, देणं लागतो’ (संप्रतिपत्ती) म्हटल्यावर पुराव्याचा प्रश्नच मिटला. दिलेल्या उत्तराप्रमाणे बोजा हलतो, ही यातली फार मोलाची जाण.

फौजदारी खटल्यात मात्र ही रीत जशीच्या तशी चालत नाही. इंग्लंडमधल्या वूल्मिंग्टन या खुनाच्या खटल्यात ‘बंदूक माझ्या हातून उडाली, पण चुकून’ असं आरोपीचं म्हणणं होतं. खालच्या न्यायाधीशांनी अपघात सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली. १९३५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वांत वरचं न्यायालय) शिक्षा रद्द केली: खुनाचा इरादा सिद्ध करणं सरकारपक्षाचं काम, आरोपीच्या बाजूने वाजवी शंका उरली तरी पुरे.

पुरावा पुढे ठेवला तरी युक्तिवाद फसू शकतो. गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात, हेत्वाभास (कारणासारखी दिसणारी पण फसवी कारणं) पाच सांगितले आहेत: सव्यभिचार, विरुद्ध, प्रकरणसम, साध्यसम आणि कालातीत. साध्यसमात कारणच दाव्याइतकं असिद्ध असतं. रोजच्या वादांतही हा सापडतो.

फसलेल्या हेतूचं, म्हणजे दाव्यासाठी दिलेल्या कारणाचं, नैयायिकांचं (न्यायपरंपरेतल्या पंडितांचं) एक आवडतं उदाहरण असं: ‘डोंगरावर धूर आहे, कारण तिथे अग्नी आहे.’ तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी सरपण ओलं लागतं. ही राहून गेलेली अट म्हणजे उपाधी. पण हेतू पडला म्हणून डोंगरावर धूर नाही, असंही ठरत नाही. सरपण ओलं असेलही! ‘धूर नाही’ हा नवा दावा झाला, त्याला त्याचा वेगळा हेतू हवा. समोरच्याचं नुसतं खोडत राहायचं आणि स्वतःची बाजू मांडायचीच नाही, अशा वादाला न्यायसूत्रांत वेगळं नाव आहे: वितंडा.