कंबर दुखत नाही, म्हणजे मूत्रपिंडे ठणठणीत?

‘लघवी साफ होते, कंबर दुखत नाही, म्हणजे मूत्रपिंडे ठणठणीत’ हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. मुतखडा असह्य दुखत असल्याने असे वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु रक्तवाहिन्यांचा दाह, म्हणजे व्हॅस्क्युलायटिस, प्रत्येक मूत्रपिंडातील सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्यांच्या केशवाहिन्यांना इजा करतो, आणि वेदना प्रामुख्याने मूत्रपिंडाच्या आवरणाला जाणवत असल्याने, प्रथिने व तांबड्या पेशी लघवीत झिरपू लागल्या तरी रुग्णाला बहुधा काहीच कळत नाही. पडताळणीसाठी लघवीची सूक्ष्मदर्शक तपासणी आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) पाहावे. केवळ क्रिएटिनिनवर विसंबू नये, कारण जवळपास निम्मे कार्य मंदावेपर्यंत ते सामान्य दिसू शकते. संशय बळावल्यास डॉक्टर अँका चाचणी (अशा दाहाशी निगडित प्रतिपिंडे शोधणारी रक्ततपासणी) व बायॉप्सी (मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासणे) सुचवतात. उपचारांना उशीर झाल्यास काही आठवड्यांतही मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.